आधी पेटी, मग हात

कोणाला खरं वाटणार नाही, आणि वाटूही नये, इतकी वर्षं कमावलेल्या नावाला ते शोभणार नाही — पण लिंबाची ती बी तालात नाचत होती. ग्लासाच्या तळाशी बसायची, सोड्याचे बारीक बुडबुडे अंगाला चिकटवून घ्यायची, आणि समोर ड्रमवाल्याने तारांचा ब्रश झांजेवरून ओढला रे ओढला की सुटून वर यायची, वर येऊन एक गिरकी, बुडबुडे फुटले की निमूट खाली... पुन्हा बसायची, पुन्हा वाट बघायची. म्हाताऱ्याने मान वाकडी करून एक डोळा ग्लासाला लावला होता. बीच्या पलीकडे, सोड्यातून, सगळी खोली वितळल्यासारखी दिसत होती — पिवळे दिवे, पियानोचं काळं झाकण, आणि अगदी जवळ, काचेच्या बाकात लांबट झालेला बायकोचा चेहरा.

"अगं, बघ," तो म्हणाला, "ही बी तालात नाचतेय. ब्रश ओढला की वर. मगापासून एकदासुद्धा चुकली नाही."

तिने वाकून पाहिलं. चष्मा नाकावर वर सरकवला, पुन्हा पाहिलं.

"हो की," ती म्हणाली. "छान नाचतेय."

आणि म्हातारा धसकला.

का धसकला ते सांगायचं तर ही बाई कोण ते सांगायला हवं. ही बाई निवृत्त होईपर्यंत बाजारात वजनं तपासत होती. खांद्याला पेटी, पेटीत मखमलीच्या खळग्यांत बसवलेली पितळी वजनं, चमकदार, एकापेक्षा एक लहान, शेवटचं तर नखाएवढं — आणि ती दुकानात शिरली की तराजू आपोआप सरळ होतात असं बाजारात म्हणायचे. (हे मी नाही म्हणत, बाजार म्हणायचा. मी फक्त पसरवलं.) आणि अशा बाईने नवरा केला तो कोण, तर लिफ्ट दुरुस्त करणारा एक थापाड्या, जो आयुष्यात सरळ एक वाक्य बोलला असेल तर ते झोपेत. 'खोट्याच्या कपाळी गोटा' अशी म्हण आहे. त्याच्या कपाळी पितळी गोटा आला, तोही प्रमाणित, शिक्का मारलेला.

म्हातारा म्हणजे कोण हे आता वेगळं सांगायला नको. पण 'मी' म्हणून गोष्ट सांगितली की लोक लगेच पुरावा मागतात, 'तो' म्हटलं की ऐकून घेतात. म्हणून तो.

तर घरात, पाहुण्यांत, लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकावर — तो पुडी सोडायचा, आणि ती म्हणायची, "खोटं." एवढाच शब्द. रागाने नाही, लाजून नाही, हसूनसुद्धा नाही. तराजूचा काटा बघून आकडा सांगावा तसा. पण कुठे म्हणायची ते महत्त्वाचं. सुरुवातीला कधीच नाही — तेव्हा तर थाप कुठे उभी राहिलेली असते — आणि शेवटीही नाही. गोष्ट चढत चढत अशा जागी यायची की आता आणखी एक पायरी चढली तर सगळं कोसळेल, त्याला स्वतःला ती जागा कळायची नाही, बोलण्याच्या भरात तो पाय उचललेलाच असायचा — आणि नेमकं तिथे, "खोटं." की सगळे खो खो हसायचे. लोक त्याच्या पाठीवर थाप मारायचे, काय भन्नाट सांगता हो म्हणायचे, आणि तो मान डोलवून घ्यायचा. लिफ्टवाल्याला खरं तर हे आधी कळायला हवं होतं. लिफ्ट वर जाते तेव्हा भिंतीआड, कोणाला दिसणार नाही असं, एक लोखंडी वजन खाली येत असतं. लोक आरशात भांग पाडत वर जातात, त्यांना वाटतं आपल्याला मोटर नेतेय. ते वजन तोडून बघा एकदा... मोटर जळेल.

तिचं ते 'खोटं' केव्हापासून बंद झालं ते नक्की सांगता येत नाही. बंद झालेला आवाज कधी बंद झाला हे कोणाला कळतं? घड्याळ थांबतं तेव्हा नाही कळत. कधीतरी वेळ बघायला जातो तेव्हा कळतं. त्याला कळलं ते नाश्त्याला. पावाला लोणी लावता लावता तो सहज म्हणाला होता की दूधवाल्याची गाय आज पहाटे लिफ्टने चौथ्या मजल्यावर आली, स्वतः बटण दाबून, आणि चुकून शेजाऱ्यांची बेल वाजवली. तसा बरा माल होता. पहाटेचा, ताजा. ती थांबली, त्याच्याकडे बघून म्हणाली, "हो का? बरं." आणि साखरेचा डबा त्याच्याकडे सरकवला.

हो का. बरं.

त्या दिवसापासून तो मोजत होता — मोजत म्हणजे काय, तिच्या 'खोटं'साठी दबा धरून बसला होता, पण सावज येईना. कान गेले असतील म्हणून वर्तमानपत्राआड तोंड लपवून तो 'चॉकलेट आणलंय' असं पुटपुटला, ती आतल्या खोलीतून म्हणाली, "कुठे ठेवलंय?" म्हणजे कान शाबूत. मुलीला फोन केला. मुलगी म्हणाली, "बाबा, आई कंटाळली असेल हो. तुम्ही एखादी खरी गोष्ट सांगून बघा ना." पोरगी बापावर गेलीय, चेष्टा तोंडातच असते. पण फोन ठेवल्यावर तो तसाच उभा राहिला, हातात रिसीव्हर... कंटाळली असेल तर ठीक. कंटाळा म्हणजे निदान नवऱ्याची थाप आहे हे कळतंय. पण तिला ते खरं वाटायला लागलं असेल तर? तिच्या आतला तो काटाच सरकला असेल, मखमलीच्या खळग्यांतून एकेक वजन घरंगळून गेलं असेल आणि ती रिकामी पेटी घेऊन आपल्यासमोर बसून 'हो का' म्हणत असेल तर? डॉक्टरकडे न्यायचं तर डॉक्टर विचारणार आज वार कोणता, तुमच्या मुलीचं नाव काय. ती बरोबर सांगेल. वार चुकीचा सांगितला तर तुम्ही पकडता का, असं कुठला डॉक्टर विचारतो?

म्हणून आज तो तिला इथे घेऊन आला होता. "चल, जरा गाणंबजावणं ऐकू," म्हणाला होता. खोटं होतं ते. म्हणजे ऐकायचं होतंच, पण त्याच्या मनात बेत वेगळा होता — माणसांत, दिव्यांत, आजवर न सांगितलेली सर्वांत मोठी थाप तिच्या देखत सांगायची, हत्तीएवढी, आणि बघायचं.

जागा मोठी नव्हती. पूर्वी इथे कपडे धुण्याचं दुकान होतं. मालकिणीने यंत्रं काढली पण छताजवळून जाणारे जाड नळ तसेच ठेवले, आणि त्यांच्यावर तांबडा रंग दिला, जणू ते शोभेसाठीच आणलेले. खुर्च्या एकीशी एक जुळत नव्हत्या. खिडकीबाहेर अजून उजेड होता, दुकानं उघडी होती, एक बाई कुत्र्याला ओढत होती, कुत्रा दाराशी येऊन थबकला होता आणि हलायला तयार नव्हता — आणि त्या कुत्र्याचं बरोबर होतं, कारण आत जे तिघं वाजवत होते ते ऐकून हलणं कठीणच.

तिघंही गल्लीतलेच. पियानोवर दातांचा डॉक्टर — दिवसभर लोकांच्या तोंडात वाकून वाकून पाठ अशी गोल झालेली की पियानोपाशी बसला की पियानोच्या तोंडात बघतोय असं वाटावं, कुठली पट्टी किडलीय, कुठली हलतेय. ड्रमवर बस चालवणारा, जाडजूड, हाताची बोटं केळ्यांएवढी. पण त्या बोटांत तारांचा ब्रश आला की आवाज असा निघायचा जसं कोणी शेजारच्या खोलीत रेशमी साडीची घडी घालतंय. (बसमध्ये हाच माणूस असा ब्रेक मारतो की उभे असलेले बसतात आणि बसलेले उभे राहतात.) आणि डबल बासवर पावभट्टीत काम करणारी ती उंच पोरगी. तिच्याहून उंच ते लाकडी धूड, ती त्याला कवेत घेऊन उभी, डोळे मिटलेले, मनगटाजवळ अजून पिठाचा पांढरा डाग, आणि तिचं बोट तारेवर पडलं की आवाज कानाला नाही, खुर्चीच्या पायांतून वर येऊन गुडघ्याला लागायचा.

म्हाताऱ्याला संगीतातलं कळत नाही. ते त्याने स्वतःच मालकिणीला सांगितलं आहे, म्हणजे खरं असण्याची शक्यता कमी. पण एक गोष्ट त्याला पहिल्याच वेळी उमगली होती, आणि तेव्हापासून तो या तिघांपुढे मनातल्या मनात टोपी काढून बसतो. हे लोक एकमेकांचं ऐकतात. डॉक्टर एक वाक्य बोलतो, बसवाला त्याला उत्तर देतो, 'असं होय' म्हणतो, कधी 'गप रे' म्हणतो, कधी नुसताच हुंकार... आणि पोरगी खालून दोघांना धरून असते. आधी ठरवलेलं फार थोडं. बाकी सगळं त्या क्षणी सुचतं, आणि क्षणात जातं, आणि कोणी हळहळत नाही. त्याची थापही अशीच असायची — ठरवून कधी सांगितली नाही, तोंड उघडलं की सुचायचं. पण उत्तर देणारं कोणी होतं म्हणून सुचायचं, हे...

"काका, इथे कोणी आहे का?"

चष्म्याच्या दुकानातली होती. त्या दोघांचे चष्मे तीच बनवते. खुर्ची ओढून बसलीसुद्धा. "काकू, नवीन नंबर बरा वाटतोय ना?"

"छान दिसतं," बायको म्हणाली. "बी नाचताना दिसते."

"काय दिसते?"

"ते जाऊ दे," म्हातारा घाईने म्हणाला. "तू हत्तीची गोष्ट ऐकलीस का?"

"कोणता हत्ती?"

त्याने खुर्ची पुढे घेतली. बायको डावीकडे होती, तिचा चेहरा त्याला अर्धा दिसत होता. तिघांनी नवीन चीज सुरू केली होती, संथ, ऐसपैस, कोणाला कुठे जायचं नाही अशी. बरं झालं. अशा चालीवर हत्ती चांगला चालतो.

"सर्कसचा मालक होता एक. सातव्या मजल्यावर राहायचा. त्याची आई आजारी, अंथरुणाला खिळलेली, आणि तिची एकच इच्छा — हत्ती बघायचा. आता हत्ती काही जिन्याने येईना."

"मग?"

"मला बोलावलं. मी म्हटलं, लिफ्टमध्ये आठ माणसांची पाटी आहे. मालक म्हणाला, हत्ती एकच आहे."

चष्मेवाली फिसकन हसली. त्याने डावीकडे पाहिलं. बायको मंचाकडे बघत होती, पण ऐकत होती. तिचा कान त्याला ओळखता येतो.

"हत्तीला म्हटलं, बाबा रे, श्वास सोड. सोडला. अर्धा आत गेला. म्हटलं, आणखी सोड. हत्ती समजूतदार. पूर्ण आत. सोंड तेवढी बाहेर, त्या सोंडेनेच त्याने स्वतः दार ओढून घेतलं. मी वर मशीनच्या खोलीत, मोटर आचके देतेय, दोर ताणून सतारीची तार झालेत, आणि मजला एक... मजला दोन..."

इथे. अशाच जागी म्हणायची. मोटर आचके द्यायला लागली, आता तिचं यायला हवं — 'खोटं. हत्तीचं वजन कोणत्या काट्यावर केलंत?' त्याने बोलण्यात जागा सोडली. डॉक्टरसुद्धा नेमका तिथेच थांबला होता, दोन्ही हात पियानोवर अधांतरी, बसवाला झांज नुसती कुरवाळत होता. सगळी खोली जागा सोडून बसली होती तिच्यासाठी.

तिने चष्मा नाकावर वर सरकवला आणि मंचाकडे बघत राहिली.

"...सहाव्या मजल्यावर," तो म्हणाला, "हत्तीला शिंक आली. आणि लिफ्ट जी निघाली ती छप्पर फोडून वर. म्हातारीला खिडकीतून हत्ती दिसला, उडताना. दुसऱ्या दिवशी ती उठून कामाला लागली."

चष्मेवाली टेबल बडवत होती. "काकू! काकू, तुम्ही सांगा, खरं आहे का हे?"

बायकोने मान वळवली. तोंडाचा कोपरा हलला की नाही — दिवा मागे होता, दिसलं नाही.

"मोठा होता हो," ती म्हणाली. "हत्ती."

"घ्या! काकूपण सामील!"

चष्मेवाली हसत होती, शेजारच्या टेबलावरचे हसत होते, आणि तो एकटा हसत नव्हता. त्याने ग्लास उचलला, ओठाला लावला, पुन्हा ठेवला. मोठा होता. म्हणजे तिने पाहिला. तिच्या डोक्यात आता हत्ती आहे, सातव्या मजल्याच्या खिडकीबाहेर उडणारा, आणि तो मी तिथे घातला... इतकी वर्षं मी कचरा टाकत राहिलो आणि ती रोजच्या रोज झाडून काढत राहिली, आणि आता झाडू ठेवून दिलाय तिने, आणि आत सगळं साचतंय, हत्ती, गायी, लिफ्टा... की चेष्टा करतेय? पण ती चेष्टा करत नाही. वजनं तपासणारी माणसं चेष्टा करत नाहीत. की करतात? इतकी वर्षं एका घरात राहून आपल्याला हे माहीत नसावं?

तेवढ्यात डॉक्टर चुकला. म्हाताऱ्यालाही कळलं, म्हणजे चूक मोठी होती — सगळं मऊ चाललेलं, त्यात एक पट्टी अशी टोचली जशी भातात खडा. पोरीने डोळे उघडले. डॉक्टरने भुवया उंचावल्या, स्वतःच्याच बोटाकडे पाहिलं, 'अरेच्चा, तू इथे कसं' अशा नजरेने — आणि तीच चुकीची पट्टी पुन्हा दाबली. मुद्दाम. मग पुन्हा. मग तिला शेजारची एक जोडून दिली, सोबतीला. पोरीच्या ओठांवर हसू आलं, तिने खालून आधार दिला, बसवाल्याने त्या चुकीच्या जागेवर एक टिचकी मारली, आणि बघता बघता तो खडा भाताचा झाला, नाही, भातच खड्याचा झाला. सगळी चीज आता त्या एका चुकीभोवती फिरू लागली, आणि पहिल्यापेक्षा देखणी. म्हाताऱ्याच्या अंगावर काटा आला. काय माणसं आहेत! चूक लपवली नाही, पुसली नाही, माफी मागितली नाही. चूक पुन्हा केली, आणि तिघांनी मिळून केली, की ती चूक राहत नाही. हे त्याला कोणी तरुणपणी शिकवलं असतं तर... काय केलं असतं? हेच केलं असतं. लिफ्टा दुरुस्त केल्या असत्या आणि थापा मारल्या असत्या.

"काका, आणखी एक," चष्मेवाली म्हणाली. "एवढी उडती नको. जमिनीवरची."

मुलीचं आठवलं. एखादी खरी गोष्ट सांगून बघा ना.

खरी गोष्ट त्याच्याकडे एकच होती. तीच एक, जिला बायकोने आयुष्यात कधी 'खोटं' म्हटलं नव्हतं. कितीदा सांगितली असेल त्याने — लग्नात, बारशांना, मुलीच्या सासरी — आणि दर वेळी ती बाजूला बसून शेवटपर्यंत गप्प. त्यावरूनच तर त्याला ती खरी असल्याची खात्री होती. दुसऱ्या गोष्टींचं त्याचं त्यालाही कधीकधी कळायचं नाही की हे झालं होतं की आपण रचलं. पण ही, शिक्का मारलेली. तिने तपासून पास केलेली.

"ही माझी बायको मला कुठे भेटली ठाऊक आहे? लिफ्टमध्ये. म्हणजे ती लिफ्टमध्ये, मी वर."

पियानो हळूहळू मागे सरला होता, ब्रशही थांबत आले होते. पोरीची पाळी आली होती, एकटीची. बासवर कोणी एकटं वाजवायला लागलं की लोक बोलायला लागतात, सगळीकडे तसंच असतं म्हणे, त्यांना वाटतं मध्यंतर झालं. या पोरीचा त्यावर एक उपाय होता आणि तो म्हाताऱ्याला फार आवडायचा. ती आवाज वाढवत नाही. कमी करते. आणखी कमी, आणखी... बोलणाऱ्यांना आपलाच आवाज ऐकू यायला लागतो, ओशाळून एकेक गप्प होतो, आणि मग त्या शांततेत ती काय हवं ते सांगते. आज म्हातारा विसरला.

"दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती," तो सांगत होता, आणि हात आपोआप वर जाऊन ती झडप उघडत होता, तेलकट, जड, "छताची झडप उघडून मी खाली बघितलं, तर कोपऱ्यात एक बाई, घाबरलेली नाही, रडलेली नाही, पेटी छातीशी धरून उभी. मी हात खाली घातला. म्हटलं, द्या हात. आणि हिने काय द्यावं? पेटी. म्हणते, आधी हे घ्या, सरकारी आहे. एवढी जड पेटी, माझं मनगट मोडायचं बाकी होतं. आधी पेटी, मग हात. तेव्हाच मी ओळखलं, या बाईच्या घरात आपला नंबर कायम दुसरा—"

"खोटं."

पोरीचा आवाज तेव्हा इतका कमी झाला होता की नव्हताच. त्यामुळे तो शब्द सगळ्या खोलीत गेला. मालकिणीच्या हातातल्या ट्रेपर्यंत, दारातल्या कुत्र्यापर्यंत. सगळ्यांनी वळून पाहिलं. बायको ताठ बसली होती, बाजारात बसावी तशी, आणि त्याच्याकडे बघत होती, काट्याकडे बघावं तशी.

"खोटं," ती म्हणाली. "पेटी नाही. आधी हात दिला होता मी."

मग बासवर दोन स्वर पडले. एक लांब, एक तुटका... खो-टं. पोरीने डोळे मिटलेलेच होते. पुन्हा, खो-टं, जरा खाली. बसवाल्याने लगेच ब्रशने उचललं, डॉक्टरने मान हलवून डाव्या हाताने तेच दोन, मग उजव्याने त्यांची टिंगल, आणि खोली हसली, अशी हसली की छताचे तांबडे नळ थरथरले. आणि तिघंही त्या एका शब्दावर स्वार होऊन निघाले, खो-टं, खो-टं, गल्लीभर ऐकू जाईल असे.

तो मात्र हाताकडे बघत होता.

आधी हात. असं कसं? त्याने मनगट चाचपलं. पेटीचं वजन तिथे होतं, इतकी वर्षं होतं, मागच्या बारशालासुद्धा ही गोष्ट सांगताना ते कळवळलं होतं... पण कळवळायचं ते सांगताना. एरवी? त्याने आठवण उघडायचा प्रयत्न केला, ती झडप, तेलाचा वास, खाली अंधार, अंधारात वर बघणारा एक चेहरा — आणि मग काय आलं वर? पितळेची कडी, थंड? की बोटं? घामट, थंडच बोटं, त्याच्या पंजाला अशी आवळून धरलेली की... हे खरंच आठवतंय, की आत्ता तिने म्हटलं म्हणून आठवतंय? दोन्ही हात सारखेच खरे वाटत होते. दोन्ही पारडी समान, काटा मध्ये, हलेना. तिचं चुकत असेल तर जे मला वाटत होतं तेच घडतंय, एकेक वजन घरंगळतंय, आणि आज हे सर्वांत मोठं गेलं. आणि तिचं बरोबर असेल तर... बाजारभर कोणाचा गुंजभर खोटेपणा न सोडणाऱ्या या बाईने घरातलं एक वजन, एकच, इतकी वर्षं जाणूनबुजून पास केलं. माणसांत नवऱ्याला हसू मिळतंय तर मिळू दे म्हणून? की आपण घाबरलो होतो, हात आधी पुढे केला होता, हे चारचौघांत निघू नये म्हणून? की... तिसरं काही, जे तो विचारणार नाही आणि ती सांगणार नाही. त्याच्या पायांखाली, लिफ्टने हलकेच हलावं तसं, काहीतरी हललं. वर की खाली ते कळलं नाही. भीती होतीच. पण त्या भीतीच्या कुशीत आणखी काहीतरी येऊन बसलं होतं, नवीन, ऊबदार, आणि त्याला नाव देण्याची त्याला मुळीच घाई नव्हती.

बायको पुन्हा मंचाकडे वळली होती. तिची बोटं टेबलावर ठेका धरत होती. तालात की तालाच्या किंचित पुढे, हे त्याला सांगता आलं नसतं. पण काय रुबाब! तिघं कसलेले वाजवणारे तिच्या एका शब्दावर नाचत होते, आणि तिला त्याचं काहीच नव्हतं, आकडा सांगून झाला होता, पुढचं दुकान.

चष्मेवालीने डोळे पुसले. "काका, मग नक्की काय? पेटी की हात?"

म्हाताऱ्याने ग्लास बाजूला सारला. डॉक्टरने दाबली होती तशी त्याने ती पट्टी पुन्हा दाबून पाहिली.

"हात," तो म्हणाला. "आधी हात. मी तर पहिल्यापासून हेच सांगत आलोय."

"खोटं," बायको म्हणाली, मान न वळवता.